चारशे बारामधल्या गाठी

१

सगळ्यांनी आधी मेलेल्या माणसाकडे पाहिलं. मावशींनी पडद्यांकडे पाहिलं.

त्यात त्यांचा काही दोष नव्हता. एकतीस वर्षं ज्या बाईने या हॉटेलातल्या खोल्या आवरून घेतल्या, तिची नजर दार उघडल्याबरोबर चादर, पडदे, आरसा अशीच फिरणार. माणूस त्यानंतर. आणि चारशे बाराचे पडदे बघून त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य गेलं ते असं, "अरे देवा, हे कोणी केलं?"

मॅनेजरसाहेबांना वाटलं, त्या प्रेताविषयी बोलताहेत. "शू! हळू बोला, बाकीच्या पाहुण्यांना ऐकू जाईल," असं म्हणत त्यांनी दार आतून लोटून घेतलं.

खिडकीजवळच्या आरामखुर्चीत म्हातारे जहाज-तपासनीस बसले होते. मान एका बाजूला, डोळे अर्धे उघडे. समोरच्या काचेपलीकडे समुद्र नुसता खवळला होता. सकाळचे सव्वाआठ वाजले असतील, पण बाहेर उजेड असा नव्हताच. लाट खालच्या दगडांवर आपटली की चौथ्या मजल्यावरची काच थरथरायची. कपाटातले हँगर एकमेकांवर वाजायचे.

तपासनिसांचा जावई शेजारच्या चारशे चौदात उतरला होता. सासरे नाश्त्याला येईनात, दार उघडीनात, म्हणून त्यानेच आरडाओरडा केला होता. आता तो दारापाशीच भिंतीला टेकून उभा होता. "फाईल," तो म्हणाला. "तपकिरी फाईल होती त्यांच्याजवळ. काल रात्री झोपतानासुद्धा उशाशी घेतली होती. कुठे आहे ती?"

फाईल नव्हती. कपाटात नाही, टेबलावर नाही, पलंगाखाली नाही.

त्या फाईलमध्ये काय होतं ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी अशाच वादळात एक प्रवासी बोट बुडाली होती. खालच्या मजल्यावरची त्रेचाळीस माणसं वर येऊच शकली नाहीत, कारण जिन्याचं दार बाहेरून बंद होतं. ते कोणी बंद केलं, हे आज दुपारी तीन वाजता बंदराच्या कचेरीतल्या चौकशीत तपासनीस सांगणार होते.

त्या त्रेचाळीसांत मावशींची धाकटी बहीण होती. मेहुणाही होता. त्यांची एकुलती एक मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मावशींनी तिला आपल्या घरी आणलं, सहा महिन्यांनी इथेच कामाला लावलं. सगळं हॉटेल त्यांना मावशी म्हणायचं, पण खरीखुरी मावशी त्या फक्त या भाचीच्या होत्या.

आणि चौथ्या मजल्यावर चारशे बारा तिच्याच वाटणीला होतं.

२

डॉक्टर आणि इन्स्पेक्टर नऊच्या आत येऊन पोचले, ते नशीब. नऊला किनाऱ्याचा रस्ता पाण्याखाली गेला. हे हॉटेल अगदी बंदराच्या टोकाला, तीन बाजूंनी पाणी. मोठी भरती आणि वादळ एकत्र आलं की चार-पाच तास त्याचं बेट व्हायचं. पाहुण्यांना एरवी याची मोठी मजा वाटायची. आज वाटली नाही.

डॉक्टरांनी तपासनिसांच्या पापण्या वर करून पाहिल्या, दातांतून एक पांढरा धागा चिमट्याने ओढला आणि म्हणाले, "हृदय बंद पडलेलं नाही. बंद पाडलंय. उशी दाबलीय तोंडावर."

इन्स्पेक्टरांना सर्दी झाली होती. त्यांनी नाक पुसलं आणि मॅनेजरसाहेबांकडून दाराच्या कुलपाची नोंद मागवली. इथली सगळी कुलपं कार्डाची. कोणतं कार्ड किती वाजता लागलं ते कुलूपच सांगतं. मॅनेजरसाहेबांनी दार उघडण्याआधी चारशे बाराला सकाळपासून एकच कार्ड लागलं होतं. सात वाजून दहा मिनिटांनी एकदा, सात पस्तीसला पुन्हा.

कार्ड भाचीचं होतं.

"सात दहाला मीच गेले होते," भाची म्हणाली. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. "टॉवेल दिले, टेबलावर फुलदाणी ठेवली. ते खुर्चीत बसले होते, चांगले होते. मग मी जिन्याजवळच्या चादरींच्या खोलीत चादरी मोजत होते. पस्तीसला मी गेले नाही, साहेब."

"मग कार्ड आपलं आपण चालत गेलं?"

"कार्ड ट्रॉलीच्या आकड्याला अडकवलेलं असतं. ट्रॉली बाहेर होती."

मावशींनी डोळे मिटून घेतले. कार्ड गळ्यात घालायचं असा नियम त्यांनीच केला होता. वाकलं की ते बादलीत बुडतं म्हणून मुली ते आकड्याला अडकवतात, हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी कानाडोळा केला होता. म्हणजे चौथ्या मजल्यावरून जाणाऱ्या कोणालाही ते उचलता आलं असतं. पण हे इन्स्पेक्टरांना कोण पटवणार?

इन्स्पेक्टरांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "हे तपासनिसांच्या कोटात होतं. अक्षर तुझंच ना?"

भाचीने मान हलवली. चार ओळी होत्या. आई-बाबांवर दार कोणी बंद केलं ते सांगा, कोणाला पाठीशी घालू नका. तुम्ही गप्प बसलात तर मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही.

"उत्तर दिलं त्यांनी?"

"सकाळी दिलं. म्हणाले, पोरी, आज तीन वाजता कचेरीत ये. तुझ्यासमोरच सांगतो."

"हे ऐकलेलं दुसरं कोणी?"

कोणीच नव्हतं. इन्स्पेक्टरांनी घड्याळ पाहिलं. "ओहोटी लागली की दोन वाजता रस्ता उघडेल. गाडी आली की तुला घेऊन जावं लागेल."

भाचीने मावशींकडे पाहिलं. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. लहानपणी शाळेतून हरवली होती तेव्हाही ती अशीच बघत उभी होती, मावशी येईल म्हणून.

३

"मला ती खोली पुन्हा दाखवा," मावशी म्हणाल्या.

"बाई, खोलीत काय बघायचं ते आम्ही बघितलंय."

"तुम्ही मेलेला माणूस बघितलात. खोली बघितली नाहीत."

इन्स्पेक्टर शिंकले. शिंकता शिंकता माणसाला नाही म्हणता येत नाही, तेवढ्यात मावशी आत शिरल्यासुद्धा.

पडदे रेशमी होते. बाजूला सारले की भिंतीवरच्या पितळी आकड्याला पट्ट्याने बांधायचे. एक पट्टा तुटून खुर्चीखाली पडला होता. म्हाताऱ्याने मरताना हात मारला असणार. पण दोन्ही पडद्यांना, ज्याचा पट्टा शाबूत होता त्यालासुद्धा, मधोमध घट्ट गाठ मारलेली होती. भिजलेलं फडकं पिळून बांधावं तशी.

"साहेब, माझ्या हाताखालची कोणतीही मुलगी जीव देईल, पण या पडद्याला गाठ मारणार नाही. सुरकुती पडली तर मी काय करते ते विचारा कोणालाही."

"घाबरलेल्या माणसाला सुरकुत्यांचं काय?"

"घाबरला की माणूस हाताला सवय असेल तेच करतो," मावशी म्हणाल्या. "नवीन काही सुचत नाही त्याला."

फुलदाणी टेबलावर नव्हती. ती जमिनीवर होती, पलंग आणि भिंत यांच्या बेचक्यात चपखल बसवलेली. फुलं मात्र जागच्या जागी. लिहिण्याच्या टेबलावर चहाची किटली आणि दोन कपांचा ट्रे होता. प्रत्येक खोलीत असतो तसाच. एका कपाचा कान नवा तुटलेला होता. झटापटीत ट्रे पडला, मग कोणीतरी तो उचलून पुन्हा मांडला, इतकं तर इन्स्पेक्टरांनाही कळलं.

मावशींनी ट्रे उचलला. खाली पांढरा नॅपकिन पसरलेला होता. त्यांनी बोट लावलं. नॅपकिन अजून दमट होता. तो उचलला तर खालच्या लखलखीत लाकडावर पांढरा डाग पडलेला.

"काहीतरी सांडलं असेल, पुसलं असेल," इन्स्पेक्टर म्हणाले.

"पुसलेला नॅपकिन चुरगळतो. हा चारी कोपरे ओढून अंथरलाय. ओला करून अंथरलाय." मावशी त्या डागाकडे बघत राहिल्या. पॉलिशच्या लाकडावर ओलं फडकं? या हॉटेलात पहिल्या दिवशी शिकवतात ती पहिली गोष्ट. आणि तरीही मांडणारा कसलेला होता. कपांचे कान एकाच बाजूला, किटलीचं नाक भिंतीकडे. हे काम शिकलेल्याचं होतं, पण इथे शिकलेल्याचं नव्हतं.

एक मोठी लाट आपटली. काच हादरली. ट्रेवर कप किणकिणले आणि मावशींनी हात लावून ते थांबवले. हे असलं ओलं कापड आपण आधी कुठेतरी पाहिलंय, असं त्यांना वाटलं. पण कुठे, ते काही केल्या आठवेना.

४

जावयाच्या खोलीत पसारा होता. बॅग उघडी, कोट जमिनीवर, पाण्याचा ग्लास टेबलाच्या अगदी काठावर.

"तुम्ही त्या बोटीच्या कंपनीतच आहात ना?" इन्स्पेक्टरांनी आडपडदा न ठेवता विचारलं.

"आहे. कचेरीत. आणि त्यामुळे सासरे माझ्याशी या विषयावर चकार शब्द बोलत नव्हते. फाईल उशाशी घेऊन झोपायचे, ती माझ्याच भीतीने असेल." तो कडवट हसला. "पण काल जेवताना काहीतरी झालं. सूप आलं, त्यांनी मान वर केली आणि एकदम गप्प झाले. सूप तसंच राहिलं. खोलीत येऊन फाईलमधले जुने फोटो काढून बसले."

"कसले फोटो?"

"बोटीवरच्या नोकरमाणसांचे. मला बघू दिले नाहीत."

"तुमचे सासरे बोटीवर कधी नोकरीला होते?" मावशींनी मध्येच विचारलं.

"ते? छे! त्यांना समुद्र लागायचा. आयुष्यभर जहाजं तपासली ती धक्क्याला बांधलेली. जरा हललं की उलट्या."

पुन्हा लाट आदळली. काठावरचा ग्लास थरथरत सरकला आणि खाली पडून फुटला. जावई दचकला. त्याने तो वाचवायला हातसुद्धा पुढे केला नव्हता. मावशी वाकून काचा गोळा करू लागल्या. का कोण जाणे, त्यांची खात्री पटली की या माणसाने फुलदाणी जमिनीवर ठेवलेली नाही.

बाहेर आल्यावर मॅनेजरसाहेब दिसले. सकाळी साडेसात ते आठ ते खाली काउंटरवर वादळामुळे वैतागलेल्या पाहुण्यांच्या तक्रारी ऐकत होते. दहाजण साक्षीला होते. त्यांच्याबरोबर डायनिंग हॉलचा हेड वेटर कॉफीचा ट्रे घेऊन उभा होता. त्याला सगळे इस्त्री म्हणायचे. वादळ येवो, जग बुडो, त्याच्या कोटाला कधी घडी मोडलेली कोणी पाहिली नाही.

"मावशी, दोन घोट घ्या," तो हळुवारपणे म्हणाला. "पोरीला मी मघाशीच पाठवली. खाल्लं नाही तिने काही. मला म्हणाली, काका, मी नाही केलं हो. अहो, माझ्या काळजात चर्र झालं."

मावशींना गहिवरून आलं. अडीच वर्षांपूर्वी हा माणूस डोंगरातल्या कुठल्याशा हॉटेलातून इथे आला, तेव्हापासून पोरीवर त्याचा जीव होता. सकाळचा पहिला कप तिला. ताप आला तर सूप. "तुम्ही होतात म्हणून हो," त्या म्हणाल्या.

"मी काय, डोंगरातला माणूस. हा समुद्र बघूनच छातीत धडकी भरते. मला साधं पोहतासुद्धा येत नाही." त्याने खिडकीकडे पाठ फिरवली.

घड्याळात एक वाजत आला होता.

५

मावशींचं डोकं चालेनासं झालं की त्या तळघरात लाँड्रीत जायच्या. तिथे वाफ, साबणाचा वास आणि लाँड्रीवाल्या काकांची कुरकुर असायची, आणि त्या कुरकुरीत त्यांना बरं वाटायचं.

आज वाफ नव्हती. वादळाने वीज गेली होती आणि जनरेटरवर फक्त लिफ्ट आणि दिवे चालत होते. मशीन गप्प उभं होतं. काका उलट्या बादलीवर बसले होते.

"आलात? बघा हा ढीग. वीज आली की मी एकटा काय काय धुऊ? त्यात तुमच्या इस्त्रीसाहेबांची घाई. सकाळी पावणेआठला वरून कपड्यांच्या नळीतून गाठोडं सोडलं आणि फोन करून म्हणे, काका, आधी हेच धुवा, उकळत्या पाण्यात. आता नाश्ता सुरू होतो आठला. मग पावणेआठला टेबलक्लॉथ मळले कसे? भुतं जेवली का?"

मावशी ढिगाकडे बघत राहिल्या.

"आणि दुसरं सांगतो," काका तावातावाने पुढे म्हणाले. "ते डायनिंग हॉलचं गळकं छप्पर दुरुस्त करा एकदाचं. वादळ झालं की तिथले सगळे टेबलक्लॉथ मधोमध ओले येतात. अडीच वर्षं सांगतोय. छपराचा माणूस तीनदा चढला, म्हणतो कुठेच गळत नाही. मग पाणी काय जमिनीतून येतं?"

"अडीच वर्षं," मावशी म्हणाल्या.

"हो, अडीच वर्षं! त्याआधी कधी नव्हतं."

मावशींनी त्यांचा हात इतका घट्ट धरला की काका बादलीवरून पडता पडता राहिले. "काका, ते गाठोडं कुठाय? उघडलंत?"

"कशाला उघडू? मशीन बंद. ते काय, पहिल्याच टोपलीत."

"हात लावू नका. कोणाला लावू देऊ नका. कोणीही आलं, अगदी मॅनेजरसाहेब आले, तरी त्याच्यावर बसून राहा."

"बसू?"

"बसा!"

जिना चढताना मावशींचे गुडघे कुरकुरत होते. मेहुण्याची आठवण येत होती. बोट बुडायच्या आधल्या वर्षी तो एकदा समुद्र फार खवळला असताना प्रवास करून आला होता आणि हसत हसत सांगत होता, की ताई, बोटीवरचे वेटर महाहुशार. बोट डोलायला लागली की टेबलक्लॉथवर पाणी मारतात. ओल्या कापडावरून ताटली घसरत नाही.

डायनिंग हॉलच्या दाराशी पोचल्यावर त्यांना आतून त्याचा आवाज ऐकू आला. तो इन्स्पेक्टरांना विचारत होता, "रस्ता उघडला की मी जरा घरी जाऊन येऊ का, साहेब?"

६

"थोडं थांबा ना, इस्त्रीसाहेब," मावशी आत येत म्हणाल्या. "आधी सगळ्यांना कॉफी होऊ दे."

हॉलच्या तिन्ही बाजूंना काचा होत्या आणि तिन्ही बाजूंना समुद्र. जेवणाची टेबलं मांडून तयार होती. मॅनेजरसाहेब आणि जावई एका टेबलाशी, पोलीस शिपायाबरोबर भाची दुसऱ्या. मावशी तिच्या शेजारी बसल्या. त्यांनी समोरचा ग्लास बाजूला केला आणि टेबलक्लॉथच्या मधोमध तळहात ठेवला.

"साहेब, इथे हात लावून बघा."

इन्स्पेक्टरांनी लावला. "ओलं आहे."

"त्या टेबलावर बघा. आणि त्या."

सगळी टेबलं मधोमध ओली होती. इन्स्पेक्टरांनी मान वर करून छताकडे पाहिलं. मावशींनी जवळच्या वेटरला विचारलं, "का रे बाबा, हे पाणी कोणी मारलं?"

"आम्हीच, मावशी. इस्त्रीसाहेबांची शिस्तच आहे. वादळ असलं की कापड शिंपडून घ्यायचं. ग्लास घसरत नाहीत."

"चांगली शिस्त आहे. पण ती बोटीवरची. आपलं हॉटेल हलत नाही."

इस्त्री हसला. हातातला ट्रे त्याने तसूभरही हलू दिला नाही. "हे काय, मावशी? कुठेतरी पाहिलं, शिकलो. ओल्या कापडावरून कोणी खुनी ठरतो का?"

"नाही ठरत. तुम्ही म्हणाला असतात की मी पूर्वी बोटीवर होतो, तर मी दुसरीकडे शोधलं असतं. पण तुम्ही डोंगरातले. आज चारशे बारामध्ये कोणीतरी ट्रेखाली ओला नॅपकिन अंथरला. फुलदाणी पडू नये म्हणून बेचक्यात ठेवली. पडदे हेलकावू नयेत म्हणून त्यांना गाठी मारल्या. झटापट दिसू नये, म्हाताऱ्याचं हृदय थांबलं असं वाटावं, म्हणून त्याला खोली आवरायची होती. नीट आवरलीही. पण बाहेर लाटा आपटत होत्या, काचा हादरत होत्या, आणि तो घाबरलेला होता. हातांनी बोटीवरची खोली आवरली."

इन्स्पेक्टरांनी रुमाल खिशात ठेवला.

"माझ्या हाताखालची मुलगी तसं करणार नाही. पॉलिशवर ओलं फडकं ठेवण्याआधी तिचा हातच थांबेल. तपासनिसांना समुद्र लागायचा. जावईबापूंच्या खोलीत ग्लास काठावरून पडला तरी त्यांचा हात पुढे झाला नाही. मॅनेजरसाहेब काउंटरवर होते. राहिला एकच माणूस, ज्याला काल सूप वाढताना पाहून तपासनीस गप्प झाले आणि जुने फोटो काढून बसले."

"फोटो!" इस्त्री म्हणाला. "कुठे आहेत फोटो? दाखवा ना."

"लाँड्रीवाले काका त्यावर बसलेत," मावशी म्हणाल्या. "नाश्त्याआधी मळलेल्या तुमच्या गाठोड्यावर. वीज गेली, इस्त्रीसाहेब. पाणी उकळलंच नाही."

ट्रे पहिल्यांदा हलला. एक कप सरकत काठापर्यंत आला आणि सवयीने त्याने तो करंगळीने अडवला.

शिपाई खाली धावला. तो तपकिरी फाईल घेऊन वर आला, तेव्हा काकाही तिच्या मागोमाग आले, जणू ती त्यांच्याच ताब्यातली वस्तू होती. फोटोत बोटीवरचे अकरा नोकर ओळीने उभे होते. डावीकडून तिसरा तरुण दिसत होता, दाढी होती, पण पांढऱ्या कोटाची घडी तीच. फोटोमागे तपासनिसांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं की जिन्याच्या दाराची चावी याच्याकडे असे, आणि हा बुडाल्याचं सर्व जण सांगतात.

इस्त्रीने ट्रे खाली ठेवला. ओल्या कापडावर, अगदी मधोमध.

"सगळे एकदम वर येत होते," तो म्हणाला. आवाज कोणालाच उद्देशून नव्हता. "बोट कलंडली असती. म्हटलं, दोन मिनिटं दार लावू, वरचे होड्यांत बसू देत, मग उघडू. मग उघडायला वेळच... मी काय मुद्दाम केलं?"

"आणि आज?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"त्यांना सांगायला गेलो होतो. पाया पडलो. म्हणाले, तीन वाजता सगळं सांगणार. त्या पोरीसमोर."

भाची उठली. शिपायाने तिला अडवलं नाही. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, माझे आई-बाबा त्या दाराच्या आत होते, हे तुम्हाला कधी कळलं?"

"तू आलीस त्याच आठवड्यात."

"म्हणून रोज पहिला कप मला."

त्याने मान खाली घातली.

"मग कार्ड माझंच का घेतलंत? चौथ्या मजल्यावर तीन ट्रॉल्या होत्या."

त्याने ट्रेवरचा कप सरळ केला. मग म्हणाला, "तू माझ्यावर कधी संशय घेतला नसतास."

"नसताच घेतला," भाची म्हणाली. "एकदा माझ्या आईवर दार लावलंत. तेव्हा घाबरला होतात, असं समजेन मी एखाद वेळी. पण आज माझ्यावर लावायला निघालात, तेव्हा मला ओळखत होतात, काका."

इस्त्रीचा हात टेबलक्लॉथवरून फिरला आणि कुठलीशी न दिसणारी सुरकुती पुसू लागला. शिपायाने तो हात धरला.

दोन वाजता रस्ता पाण्यातून वर आला आणि गाडी आली. तिच्यात दुसराच माणूस बसला. इन्स्पेक्टरांनी फाईल काखेत घेतली, नाक पुसलं आणि जरा ओशाळून म्हणाले, "मावशी, तीन वाजता कचेरीत हे वाचावं लागेल. मुलीला आणता?"

"आणते," मावशी म्हणाल्या.

पण भाची दिसेना. मावशी धावतच चौथ्या मजल्यावर गेल्या. पंचनामा उरकून तपासनिसांना खाली नेलं होतं. चारशे बाराचं दार सताड उघडं होतं, खाली लाकडाची पाचर लावून. भाची खिडकीशी उभी राहून पडद्याची गाठ सोडवत होती. ती घट्ट बसली होती, नखांनी निघत नव्हती. मावशींनी दुसरा पडदा हातात घेतला. दोघी गाठी सोडवत राहिल्या, आणि सुटल्यावर तिथेच रेशमात तोंड खुपसून पोर तीन वर्षांचं साठलेलं रडली.

मग तिने तोंड धुतलं. पावणेतीनला दोघी ओल्या रस्त्याने बंदराच्या कचेरीकडे निघाल्या. पाचर काढायची राहिली होती, पण मावशी त्यासाठी परत फिरल्या नाहीत.